कारंज्यापासून एकशे चाळीस पावलं

टपालआजोबांचे पाय शहराच्या मालकीचे आहेत आणि तोंड कुणाच्याच ताब्यातलं नाही, असं त्यांच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे आक्कांचं, मत होतं. एकतीस वर्षं आजोबांनी जुन्या शहरात घरोघर टपाल वाटलं. निवृत्त झाल्यावर माणसं आरामखुर्चीत बसतात आणि जावयाला नावं ठेवतात. आजोबांना जावई नव्हता आणि बसणं जमत नव्हतं. मग विद्यापीठानंच त्यांना काम दिलं. परदेशातून शिकायला आलेल्या पोरापोरींना दर गुरुवारी सकाळी जुन्या शहरातून पायी फिरवून आणायचं.

या कामानं आजोबा दोन बोटं उंच झाले. तटबंदी कुणी बांधली, कुठल्या साली बांधली, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. "राजेबिजे तुम्हाला पुस्तकात सापडतील," ते सांगत. "पण या दाराआडच्या बाईनं नवऱ्याची पत्रं अकरा वर्षं न फोडता परत पाठवली, हे फक्त माझ्याकडे सापडेल." पोरं भराभरा लिहून घेत.

खरा खेळ शेवटी असे. चौकातल्या कारंज्यापासून निघालेली गल्ली नदीपाशी अठरा दगडी पायऱ्यांनी खाली उतरते. आजोबा पोरांकडे तोंड करून, बोलत बोलत, चक्क उलटे चालत जायचे. पायऱ्या जवळ येत, पोरं "थांबा, थांबा" म्हणून ओरडत, आणि आजोबा पहिल्या पायरीच्या अगदी अलीकडे टाच आपटून उभे राहत. मग टाळ्या!

यातली गोम अशी की, आजोबांनी तोंड कुठेही केलं तरी फरक पडत नव्हता. गेली चार वर्षं त्यांच्या नजरेच्या मधोमध एक काळा डाग बसला होता. कडेकडेचं दिसे, समोरचं नाही. माणसाचे कान दिसत, नाक दिसत नसे. डाग वाढत जाणार आणि त्याला औषध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ही गोष्ट डॉक्टरांना, आजोबांना आणि आक्कांना, एवढ्या तिघांनाच ठाऊक होती.

"एकदा जरी धडपडलास ना, तर तुझा गुरुवार बंद," आक्का बजावत. "नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात नाव घालीन तुझं."

"तू सहा वर्षांनी मोठी आहेस. आधी तुझं घाल."

"मला दिसतंय," आक्का म्हणत, आणि तिथे वाद संपे.

म्हणून आजोबा मोजत. चौकात शिरलं की पाण्याचा आवाज धरून कारंज्यापाशी जायचं आणि तिथून सुरुवात. तेवीस पावलांवर शिंप्याचं घर. साठ पावलांवर घड्याळवाला, त्याच्या भिंतीत घोडे बांधायची लोखंडी कडी. एकशे चाळीस पावलांवर थांबायचं, पुढे पायऱ्या. एक वेळ सुताराची पट्टी चुकेल, पण पोस्टमनचं पाऊल चुकायचं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत नगरपालिकेनं गटाराच्या पाइपांसाठी चौक खणला आणि वाटेत येणारं कारंजं उचलून गल्लीच्या आत बारा पावलं सरकवून बसवलं. सगळ्या शहरानं ते पाहिलं, त्याला नावं ठेवली आणि सवयीनं विसरूनही गेलं. आजोबा खणलेल्या रस्त्याच्या भीतीनं तिकडे फिरकले नव्हते. आक्कांचे गुडघे धरलेले, त्या तीन महिने जिना उतरल्या नव्हत्या. आणि बाकी कुणी सांगणार कशाला? डोळे असलेल्या माणसाला कारंजं हललंय हे कुणी सांगतं का?

सुट्टीनंतरच्या पहिल्या गुरुवारी नऊ जण आले. त्यांत एक मुलगी होती, जाडजूड वही घेतलेली. ती त्याच गल्लीत खोली घेऊन राहत होती आणि शहराचा एकेक भाग पायी पालथा घालत होती. आजोबांनी तिचं नाव लगेच वहीवाली ठेवून टाकलं. "इथून एकशे चाळीस पावलांवर नदीच्या पायऱ्या," असं त्यांनी कारंज्यापाशी नेहमीप्रमाणे सांगितलं आणि तिनं तेही लिहून घेतलं.

"हे शिंप्याचं घर," तेविसाव्या पावलाला आजोबा म्हणाले. समोर दातांचा दवाखाना होता. पोरांनी दवाखान्याकडे आदरानं पाहिलं आणि 'शिंपी' असं लिहून घेतलं.

"आणि ही घोडे बांधायची कडी." भिंत कोरी होती. एकानं कोऱ्या भिंतीचा फोटो काढला.

"आजोबा," वहीवाली हळूच म्हणाली, "कडी मागे राहिली."

"तुझ्या वडिलांचा जन्म व्हायच्या आधीपासून मी ही कडी बघतोय, बाई. तू लिही."

सगळे हसले. तीही हसली आणि गप्प बसली. परक्या गावात शिकायला आलेलं माणूस आधी स्वतःचीच चूक धरतं.

आजोबा रंगात आले. पाठ नदीकडे, तोंड पोरांकडे. एकशे सव्वीस, एकशे सत्तावीस. "थांबा!" वहीवाली ओरडली. दर गुरुवारी कुणीतरी ओरडतच असे. आजोबा खुशीत हसले. एकशे अठ्ठावीस. अजून बारा बाकी.

तिनं वही टाकली, झेप घेतली आणि त्यांचा कोट धरून जिवाच्या आकांतानं ओढलं. आजोबा गर्रकन फिरून भिंतीवर आदळले आणि तिचा तोल गेला. आजोबांना फक्त ऐकू आलं. मोजायची खोड अशी वाईट की, ती पडत होती तेव्हाही त्यांच्या डोक्यात आकडे चालू होते.

तिचा पाय दोन ठिकाणी मोडला.

तिसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या कारकूनबाई घरी फॉर्म घेऊन आल्या. "बाकीची पोरं म्हणतात, ती एकदम पुढे धावली. का, ते कुणालाच माहीत नाही, आणि ती स्वतः सांगत नाही. वहीत डोकं घालून चालत होती का? तसं असेल तर बेशिस्तीचा शेरा मारून तिला परत पाठवतील. तुम्ही सगळ्यात जवळ होतात."

आजोबांनी बाईंच्या कानांकडे पाहिलं. त्यांना गुरुवार आठवला, टाळ्या आठवल्या, नदीपलीकडची इमारत आठवली.

"लक्ष वहीतच होतं तिचं," ते म्हणाले.

ओट्यापाशी आक्कांनी पातेलं आपटलं. संध्याकाळी त्यांनी फक्त स्वतःचंच पान वाढून घेतलं. साठ-सत्तर वर्षांत असं कधी घडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आजोबा विचारत विचारत इस्पितळात गेले. पाय टांगलेल्या अवस्थेत वहीवालीनं त्यांच्यासाठी खुर्चीवरची पिशवी उचलून जागा केली.

"आजोबा, कारंजं हललंय. बारा पावलं."

आजोबा खुर्ची चाचपून बसले. "तुला कधी कळलं?"

"कडीपाशी. तुम्ही भिंतीकडे बघतच नव्हता. पण वाटलं, माझंच चुकत असेल. म्हणून उशिरा ओरडले. माफ करा." मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "आता एकशे अठ्ठावीसवर थांबत जा. मी कुणाला सांगितलं नाही."

आजोबा उठले ते सरळ कारकूनबाईंच्या टेबलापाशी गेले. "फॉर्म काढा. मी खोटं बोललो. मला दिसत नाही, चार वर्षं झाली. पोरीनं मला वाचवलं."

बाईंनी फॉर्म काढला. "तुम्हाला कळतंय ना, गुरुवारचं काम..."

"कळतंय. लिहा."

"इथे सही करा."

"इथे म्हणजे कुठे?"

बाईंनी त्यांचा हात धरून पेनाचं टोक रेघेवर टेकवलं.

शेरा टळला. पाय मात्र पहिल्यासारखा होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. महिन्याभरानं वडील येऊन तिला घेऊन गेले. निम्मं शहर तिचं बघायचंच राहिलं. आक्कांनी बोलल्याप्रमाणे वृद्धाश्रमात नाव घातलं, पण दोघांचं. नंबर लागायला वर्षभर तरी जाईल, असं तिथून कळलं.

तोवर गुरुवार येतच राहिले. सकाळी आजोबा बूट घालून खिडकीपाशी खुर्चीत बसत. खुर्चीखाली पाय जागच्या जागी हलत, डावा, उजवा, डावा. आक्का शेंगा सोलत समोर बसत.

"कुठवर आलास?"

"घड्याळवाल्यापाशी."

आक्कांनी दोनचार शेंगा सोलल्या. बूट फरशीवर घासत राहिले.

"सावकाश जा," आक्का म्हणाल्या. "पुढे पायऱ्या आहेत."

एकशे अठ्ठाविसाव्या पावलाला पाय थांबले.