बापाच्या बाराव्याची धार

पेपरात अधूनमधून बातमी येते, हातभट्टी उद्ध्वस्त, रसायन जमिनीवर ओतून नष्ट. वाचलं की माझं डोकं फिरतं. नवसागर आणि कुजका गूळ घालून जी दारू विकायला करतात, ती भट्टी. ती खुशाल फोडा. पण चोपड्याकडच्या आमच्या अंगणात आई जे करायची, त्यात मोहाची फुलं, पाणी आणि आदल्या खेपेचा सडवा, म्हणजे आंबलेला गाळ, यापलीकडे काही नसायचं. ती तिने कधी विकली नाही. आम्ही भिल्ल. आमच्यात मूल जन्मलं, लग्न ठरलं, माणूस गेलं की घरची दारू जमिनीवर ओतून पूर्वजांची नावं घेतात. याला धार टाकणं म्हणतात. गेलेल्या माणसाची धार पडली नाही तर तो पूर्वजांच्या पंगतीत बसत नाही, दाराबाहेर ताटकळत राहतो, असं आई मानायची. मी डी.एड. होऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई झाले होते, आणि तेव्हा मी हे काहीच मानत नव्हते, हे आधीच सांगून टाकते.

नव्वद सालच्या आसपास ऐन पौषात वडील गेले. घर आवरायचं म्हणून तिसऱ्या दिवशी मी पदर खोचला. जे दिसेल ते घासलं, आणि अंगणाच्या कोपऱ्यातला तो काळाकुट्ट, आतून बुळबुळीत, आंबूस वासाचा घडाही राखेने, मग साबणाने, मग उकळत्या पाण्याने घासून उन्हात पालथा घातला. वर्गात पोरांना स्वच्छतेचे धडे देणारी बाई मी, मला त्या घड्याची लाजच वाटत होती. आईचं लक्ष नव्हतं. तिने संध्याकाळी अंधारात, आत न पाहताच, बाराव्यासाठी त्याच घड्यात फुलं भिजत घातली.

दोन दिवस झाले तरी घडा गप्प. एरवी कान लावला की आत बारीक फसफस ऐकू यायची. आईने आत हात घातला, कडेवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"हाऊ घडा कोनी घासा?"

मी म्हटलं, मी.

"साबनघाई?"

मी मान हलवली. ती रडली नाही, ओरडली नाही. फक्त म्हणाली, "तुनी आजीना हातनं इरजन व्हतं त्यामा."

तेव्हा मला कळलं. घडा कधीच धुवायचा नसतो. आधीच्या खेपेचं विरजण त्याच्या अंगातच मुरलेलं असतं, त्यावर पुढची खेप लागते. थंडीत तर त्याशिवाय फुलं नुसती भिजून पडतात. आजीने तिच्या सासूकडून घेतलेलं ते विरजण, कुणी कागदावर न लिहिता तीन पिढ्या चालत आलेलं, मी एका सकाळी मोरीत ओतलं होतं. शिकल्याचा एवढा राग मला कधी आला नव्हता.

थोरल्या भावाला मात्र बरंच वाटलं. तो जळगावात कचेरीत कारकून, गळ्यात माळ घातलेला. "सुटलो," तो म्हणाला. "बाराव्याला माझे साहेब येणार आहेत. दूध वाहू, नारळ फोडू. आणि तू सरकारी नोकर आहेस, विसरू नकोस. कुणी एक अर्ज केला तर नोकरी जाईल." आईने विचारलं, दूध वाहायला बाप काय नागोबा होता? भाऊ म्हणाला, मग दुकानातली सीलबंद बाटली आणू, ती तरी कायद्यात बसते. आई उठून आत गेली. परक्या हाताची दारू आमच्यात मेलेल्याला देत नाहीत. हे भावालाही ठाऊक होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. बापाने मला खांद्यावर बसवून नदीपलीकडच्या शाळेत नेलं होतं, आणि त्याच शाळेतून शिकून येऊन मी त्याचा घडा धुतला होता. पहाटे आईला विचारलं, आपलं विरजण आणखी कुणाकडे असेल? आई म्हणाली, फुईकडे. वडिलांची ही बहीण शिरपूर तालुक्यात दिलेली. आमच्याकडे लेक सासरी निघाली की माहेरच्या घड्यातला वाटीभर सडवा सोबत देतात. फुईने तो नेला होता, आणि तिच्या सुनांनी साबण लावला नसेल तर तो अजून जिवंत होता.

पहिल्या बसने गेले. फुईने सगळं ऐकून घेतलं, मला दोन अस्सल शिव्या दिल्या आणि स्टीलच्या डब्यात सडवा भरून दिला. "ले जाय, पोरी. तठलंच शे ते."

परतीला एसटीत मी ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसले. सडव्याला ऊब हवी म्हणून डबा इंजिनच्या गरम झाकणाला टेकवून ठेवला, आणि वर झाकण घट्ट दाबलं. आंबणाऱ्या वस्तूला गच्च झाकण लावायचं नसतं, हे मला कुठलं पुस्तक शिकवणार? अर्ध्या वाटेवर फटाक्यासारखा आवाज झाला. झाकण थेट काचेवर आपटलं आणि मोहाचा वास मागच्या सीटपर्यंत गेला. ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला.

कंडक्टर आला. "बाई, काय शे डबामा?"

खोटं बोलता आलं असतं. ताक म्हणाले असते तर कुणी चाटून पाहणार नव्हतं. पण तीन दिवस मी माझ्याच घराची लाज धूत फिरत होते, आता मला तिचा वीट आला होता. उभी राहून म्हटलं, "मोहाना सडवा शे. बापना बाराव्यासाठे. तिकीट काढलंय, उतरणार नाही."

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "बसू द्या तिले, भाऊ. बापनं काम शे." कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, खाली वाकून झाकण शोधून दिलं आणि घंटी मारली.

सडवा घालून घड्याला गोधडी गुंडाळली. दुसऱ्या दिवशी दुपारी आईने मला हाक मारून कान लावायला सांगितलं. आत फसफस चालू झाली होती. मी तिथेच, अंगणात, वडील गेल्यावर पहिल्यांदा पोटभर रडले. अकराव्या दिवशी घड्यातलं आंबलेलं सगळं दुसऱ्या मडक्यात ओतून ते चुलीवर चढवलं. आईने शिकवायचं आणि मी करायचं, असं तिनेच ठरवलं. वाफ थंड व्हावी म्हणून वर ठेवलेल्या मडक्यातलं पाणी तापलं की बदलायचं. पहिली धार बापाची, तिला कुणी तोंड लावायचं नाही.

बाराव्याला भावाचे साहेब आले, पोलीस पाटील आले, माझे हेडमास्तरही आले. भाऊ दुधाचा तांब्या घेऊन उभा होता. भाऊकीतल्या वडीलधाऱ्या आबांनी पानांचा द्रोण हातात घेतला आणि रीतीप्रमाणे मोठ्याने विचारलं, "कोना हातनी शे?" गाळणाऱ्याने सगळ्यांसमोर उत्तर दिल्याशिवाय धार पडत नाही. भावाने माझ्याकडे पाहून नाही म्हणून मान हलवली. आईने तोंड उघडलं, पण तिच्या आधी मीच बोलले. "मना हातनी."

धार पडली. आबांनी वडिलांचं नाव पूर्वजांच्या नावांमागे जोडून घेतलं. भावाचे साहेब जेवले नाहीत. भाऊ त्यानंतर कित्येक वर्षं माझ्याशी बोलला नाही, त्याचं मला वाईट वाटतं. पश्चात्ताप मात्र नाही.

महिन्याभरात अर्ज गेलाच. कुणी केला ते मी शोधलं नाही. वरच्या कचेरीतून खुलासा मागवला की शिक्षिकेच्या पदाला न शोभणारं कृत्य आपण केलं किंवा कसे. हेडमास्तर चांगले होते, म्हणाले, नुसतं 'आरोप मान्य नाही' लिहा, मी मिटवतो. मी लिहिलं, माझ्या वडिलांच्या बाराव्याला लागणारी दारू मी स्वतः, एकटीने, घरच्या अंगणात गाळली. आईला चौकीवर नेऊ नये म्हणून 'एकटीने'खाली रेघ ओढली. कागद दिला आणि शनिवारी गावी जाऊन कार्बन कॉपी आईला वाचून दाखवली. वाटलं, पाठीवरून हात फिरवेल.

तिने पुन्हा वाचायला लावलं. मग भडकली.

"मनं नाव कोठे शे? चाळीस वरीस मी गाळी, आन तू एकलीच व्हयनी का गाळनारी?"

मी समजावून पाहिलं. चौकी, कायदा, सगळं सांगितलं. ती ऐकेना. सोमवारी मी दुसरा खुलासा पाठवला. त्यावर माझी सही आहे, आणि सहीच्या वर आईचा अंगठा.