शेडमध्ये लावून ठेवलेले पाठ

माझ्या मुलीचे अकरावीचे गणिताचे पाठ तिच्याऐवजी मी पुरे केले. शिकलो काहीच नाही. फोनवर पाठ सुरू करायचा, आवाज बंद करायचा, फोन केळीच्या कॅरेटवर ठेवायचा आणि आपलं काम करत राहायचं, एवढंच मी केलं. पुढे त्याच पाठांवरून ती खोटं बोलते असं ठरलं, तेव्हा मी तिच्या बाजूने बोललो नाही. उलट बोललो. बाकी सगळं सांगण्याआधी हे लिहून टाकतो, म्हणजे पुढे मला सारवासारव करायला जागा उरणार नाही.

आमचं गाव रावेर तालुक्यात. शेती केळीची, आणि घराच्या मागच्या अंगाला पॅकिंगचं लहानसं शेड. मुलीला दहावीनंतर गणित घ्यायचं होतं. जवळच्या, सावद्याच्या ज्युनिअर कॉलेजात गणिताला त्या वर्षी शिक्षक नव्हते. जळगावला होस्टेलला ठेवायला तिची आई तयार नव्हती, आणि खरं सांगायचं तर मीही नव्हतो. माझी थोरली बहीण धुळ्याला दिली आहे. तिच्या मुलीने अकरावी-बारावी घरून, ऑनलाइन केली होती आणि ती आता चांगल्या कॉलेजात शिकते. अक्कानेच फोनवर सगळं समजावलं आणि आम्ही मुलीचं नाव त्याच ऑनलाइन शाळेत घातलं.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण मलाही तेव्हा माहीत नव्हतं. ऑनलाइन म्हणजे नुसतं मोबाइलवर व्हिडिओ बघणं नसतं. रेकॉर्ड केलेले पाठ असतात, ते मुलाने आपल्या सवडीने बघायचे. रोज सकाळी अकराला एक तास शिक्षक समोर असतात, तेव्हा अडलेलं विचारायचं. पाठ पुरा झाला की त्यावरची चाचणी आपोआप उघडते आणि ती त्याच आठवड्यात द्यावी लागते. प्रात्यक्षिकाला धुळ्याच्या केंद्रावर जायचं. परीक्षाही केंद्रावर बसूनच, तिथे काही घरून चालत नाही. प्रत्येक मुलामागे एक मार्गदर्शक शिक्षक असतो. मुलीला धुळ्याच्या एक मॅडम मिळाल्या. आणि पालकांना दर शनिवारी फोनवर एक पट्टी येते: पाठ वेळेवर असतील तर हिरवी, मागे असतील तर लाल.

सुरुवातीला पालकांची एक ऑनलाइन बैठक झाली. मॅडम म्हणाल्या, "मूल घरी आहे म्हणजे मोकळं आहे, असं समजू नका. ते शाळेत आहे. फक्त शाळेची भिंत तुम्हाला दिसत नाही." मी कॅमेऱ्यासमोर मान डोलावली. शेजारी बसलेल्या बायकोलाही म्हणालो, बघ, किती बरोबर बोलल्या.

पण केळीच्या घरात कापणीचा दिवस आपल्या हातात नसतो. व्यापाऱ्याचा फोन येतो, उद्या गाडी लावतो म्हणून, की सकाळी कापणीवाल्यांची टोळी दारात हजर. कापणीच्या दिवशी टोळीला चहा-नाश्ता शेतमालकाचा, ही आमच्याकडची रीत. ज्याच्याकडे चहा वेळेवर येत नाही त्याचे घड टोळी कसे हाताळते, हे सगळ्या शेतकऱ्यांना ठाऊक असतं. बायकोच्या कमरेचं दुखणं त्या वर्षी जोरात होतं, तिला फार वेळ उभं राहवत नव्हतं. मग मी शेडमधून हाक मारायचो, "चहा आण गं." घड्याळात अकरा वाजून गेलेले असायचे. ती कानातले इअरफोन काढून उठायची. एकदा म्हणाली, "पप्पा, क्लास सुरू हाये."

"क्लास काय पळून चालला? नंतर पाहून घे," मी म्हणालो. "रेकॉर्ड तं राहतेच ना."

ती भिंत मला खरंच दिसत नव्हती. मुलगी सावद्याला कॉलेजात गेली असती तर मी तिला वर्गातून चहासाठी बोलावलं नसतं. पण ती घरात होती, चार पावलांवर. कापणी नसेल तेव्हा पाहुणे, पाहुणे नसतील तेव्हा आईच्या औषधाची वेळ. रेकॉर्ड केलेले पाठही मागे पडत गेले.

मग पट्टी लाल येऊ लागली. एका शनिवारी ती अक्काने पाहिली, आमच्याकडे आली होती तेव्हा. फोन खाली ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. मला फार लागलं ते. पोरीला वेळ द्यायला हवा, हे सुचायला पाहिजे होतं. सुचलं भलतंच. प्रवेशाच्या वेळी मुलीचं खातं माझ्याच फोनवरून उघडलं होतं, ते तसंच चालू होतं. शेडमध्ये फण्या धुवून भरण्याचं काम चाललं असताना मी तिचा एक पाठ सुरू केला आणि फोन कॅरेटवर उभा करून ठेवला. फोनमधले सर पांढऱ्या फळ्यावर लिहीत होते आणि त्यांच्यासमोर केळी भरली जात होती. पाठ संपला, मी पुढचा लावला.

टोळीतला एक म्हातारा कापणीवाला पाहत होता. म्हणाला, "भाऊ, यंदा तुमी बसले काय अकरावीले?"

"पोरीचं हाये," मी म्हणालो.

"मंग पोरगी कुठी हाये?"

"चहा करते."

"मंग ठीक. चहा तिनं करा, गणित तुमी करा. पेपर कोन देईन तेवढं ठरवून घ्या," तो म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसलो.

पुढच्या शनिवारी पट्टी हिरवी आली. मी ती अक्काला पाठवली. आपण पोरीचं ओझं थोडं हलकं केलं, असंही मला वाटलं होतं, हे कबूल करतो. आमच्या काळात मित्राची हजेरी लावायचो, त्यातलंच हे. पाठाबरोबर चाचणी उघडते हे मी ऐकलं होतं, पण त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नव्हता. न पाहिलेल्या पाठांच्या चाचण्या एकामागून एक तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. ती नापास होत गेली. न पाहिलेले पाठ 'पूर्ण' म्हणून यादीच्या तळाशी जाऊन बसले होते, ते तिला पुन्हा उघडता येत नव्हते. तिने मॅडमना कळवलं की माझ्या खात्यात काही तरी चुकलंय, हे पाठ मी पाहिलेच नाहीत.

मॅडमनी व्हिडिओ कॉल लावला आणि मलाही बसायला सांगितलं. त्या चिडल्या नव्हत्या. म्हणाल्या, "माझ्याकडे पाठ पूर्ण दिसतात. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. भर दुपारी."

"मॅडम, त्या वेळेला मी स्वयंपाकघरात होते," मुलगी म्हणाली.

"भाऊ, तिचं खातं घरात दुसरं कोणी वापरतं का?"

प्रश्न सरळ मला होता. मुलगी माझ्याकडे वळून बघत होती.

मी म्हणालो, "नाही मॅडम, दुसरं कोण वापरणार? पाहिले असतील तिने, लक्ष नसेल. सिस्टीम थोडीच खोटं बोलते?"

त्यानंतर तिने त्या विषयावर माझ्याशी वाद घातला नाही. जेवताना बोलायची, आईशी हसायची, पण अभ्यासातलं काही माझ्यासमोर बोलणं तिने बंद केलं. चाचण्या सुधारल्या नाहीत. काही आठवड्यांनी मॅडमचा पुन्हा फोन आला: पाठ बघूनही जमत नसेल तर गणित तिच्यासाठी नसेल, अजून विषय बदलता येतो, गणिताच्या जागी दुसरा सोपा विषय घेऊ, पालकांनी तिला घेऊन केंद्रावर यावं. मी मुलीला विचारलं. ती म्हणाली, "चालंल." जिने गणितासाठीच हा सगळा खटाटोप करायला लावला होता ती म्हणत होती, चालंल.

आम्ही धुळ्याला गेलो. जळगावपर्यंत एक बस, तिथून दुसरी. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि मी मनात वाक्यं जुळवत होतो. मॅडम, नेटवर्कचा काही घोळ असेल. मॅडम, एक संधी द्या. खरं वाक्य त्यात एकही नव्हतं. अक्का स्टँडवर घ्यायला आली होती, ती आमच्याबरोबर केंद्रावर आली.

मॅडम प्रत्यक्षात माझ्यापेक्षा लहान निघाल्या. त्यांनी मुलीला समोर बसवलं आणि हळू आवाजात विचारलं, "विषय बदलण्याआधी एकदा खरं सांग. मी रागावणार नाही. पाठ लावून तू दुसरं काही करत होतीस का?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाली, "हो मॅडम. लावले असतील मी. माझंच लक्ष नव्हतं."

जे तिने केलं नव्हतं ते तिने स्वतःवर घेतलं. कशासाठी, ते त्या क्षणी मला समजलं नाही. वादाला ती कंटाळली असेल, किंवा बापाला चार लोकांत उघडं पाडायचं नसेल. मला एवढंच कळलं की आता मी गप्प बसलो तर गणितही जाईल आणि हे खोटंही कायमचं तिच्या नावावर राहील.

"मॅडम, ते पाठ मी लावले," मी म्हणालो. "माझ्या फोनवर. शेडमध्ये."

मॅडम माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "कशासाठी?"

"पट्टी लाल येत होती."

अक्का इतकी वर्षं धुळ्यात राहून तिकडचीच बोली बोलते. बाहेर आल्यावर म्हणाली, "तुले लाज नही वाटनी? पोर इतला दिन रडी ऱ्हायनी, आन् तू गप बठना." मुलगी इतके दिवस फोनवर तिच्याकडे रडत होती, हे मला तिथे, केंद्राच्या पायरीवर कळलं.

मॅडमनी मात्र मला बोल लावला नाही. म्हणाल्या, असं करणारे तुम्ही पहिले नाही. कोणी पाठ लावून ठेवतात, कोणी मुलांच्या चाचण्या सोडवून देतात. त्यांनी ते पाठ पुन्हा उघडून दिले, चाचण्या नव्याने द्यायची परवानगी मिळवली आणि माझ्या फोनमधलं मुलीचं खातं माझ्यासमोर बंद केलं. "तुम्हाला गणित यायची गरज नाही, भाऊ," त्या म्हणाल्या. "अकरा ते बारा तिला कोणी हाक मारणार नाही, एवढं बघा."

एवढं मी बघितलं. गणिताचा विषय राहिला. कापणीच्या दिवशी चहा मी करू लागलो. पहिल्या दिवशी त्या म्हाताऱ्याने घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, तुमी गणितच करा." आता साखरेचा अंदाज आला आहे. तिचं टेबल आतल्या खोलीत नेलं. चांगले हेडफोन आणले. पाहुण्यांना मी सांगतो, पोरगी कॉलेजात गेली आहे, बारानंतर येईल. त्यांना वाटतं मी थट्टा करतो.

ती पाठ पुन्हा पहिल्यापासून बघायला बसली. सुरुवातीच्या चाचण्या जेमतेम सुटल्या, नंतर बऱ्या जाऊ लागल्या. एक दिवस आतल्या खोलीतून ती शिक्षकांना मोठ्याने सांगत होती, "सर, तुमची तिसरी ओळ चुकली," आणि मी चहाचं पातेलं हातात घेऊन दाराबाहेर ऐकत उभा राहिलो. पण माझ्याशी ती अजून अभ्यासाचं बोलत नव्हती. मला वाटायचं, केंद्रावर सगळं कबूल केलं, चहा करतो, हेडफोन आणले, आता आणखी काय करायचं?

गेल्या महिन्यात प्रात्यक्षिकांसाठी पुन्हा धुळ्याला गेलो. प्रात्यक्षिकं चांगली झाली. परतताना जळगाव स्टँडवर रावेरची गाडी लागायची होती. बाकावर बसून आम्ही दाळबट्टी खाल्ली, अक्काने बांधून दिलेली. मी सहज म्हणालो, "आता सगळं ठीक झालं ना?"

ती डब्याचं झाकण लावत म्हणाली, "ठीक हाये पप्पा. हेडफोन चांगले हायेत. पण तुमी मॅडमले सांगितलं. मले नाही सांगितलं."

"तू तं तिथंच होती."

"तिथं होती. पण मले नाही सांगितलं." मग थोडं थांबून म्हणाली, "मले पहिलेच समजलं होतं. दुपारी तुमचा फोन कॅरेटवर दिसायचा, त्यात सर शिकवत राहायचे. तुमी सांगाल म्हणून वाट पाहत होती."

आमच्या घरात बापाने पोरांची माफी मागितलेली मी पाहिलेली नाही. माझ्या वडिलांनी कधी मागितली नाही, त्यांच्या वडिलांनीही नसेल. चूक झाली की बाप काहीतरी खायला आणतो, आणि पोरांनी समजून घ्यायचं. मीही तेच केलं होतं, खाऊच्या जागी हेडफोन होते इतकंच. समोर गाडी लागली, माणसं जागा धरायला धावली. ती उठू लागली तर मी म्हणालो, "बस. पुढच्या गाडीनं जाऊ."

ती बसली. मी तिच्याकडे तोंड करून बसलो.

"ते पाठ मी लावले होते," मी म्हणालो. "तुले क्लासमधून उठवायचो मीच, आन् ते झाकायसाठी लावले. तू खरं सांगत होती. मॅडमनं मले सरळ विचारलं, तव्हा मी तुले खोटं पाडलं. पाठ लावले ते चुकलंच, पण तुले खोटं पाडलं ते त्याच्याहून वाईट केलं. मले माफ कर, बेटा."