पाडव्यापर्यंतची अमेरिका

मी अभ्यास करते की झोपते, हे बाबांना आवाजावरून कळायचं. पुस्तक मनातल्या मनात वाचता येतं यावर त्यांचा विश्वासच नव्हता. "मोठ्यानं वाच, मले ऐकू आलं पाह्यजे," हा त्यांचा हुकूम. पुढे जे झालं ते या हुकुमामुळे झालं. त्यात माझा काडीचा दोष नाही, हे मी आधीच सांगून ठेवते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी हिंगणघाटच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि गावाहून एसटीने जाऊन-येऊन करायचे. त्या वर्षी इतिहासाला अमेरिका होती. दिवेलागणीला मी ओसरीच्या खांबाला टेकून बसायचे. बाबा बाजेवर पडलेले, आई आत भाकरी थापत असलेली आणि आमचा सालदार अंगणात दोर वळत बसलेला. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. त्याचं साल पाडव्याला लागतं आणि पाडव्याला संपतं. आमच्याकडे त्याचे अठरा पाडवे झाले होते. आईबापांनी त्याला चांगलं नाव ठेवलेलं होतं, पण बाबा त्याला "अबे" म्हणत आणि तोही त्यालाच ओ देई.

अमेरिकेची सुरुवात झकास झाली. गोरे लोक पूर्वेच्या किनाऱ्यावर उतरले आणि मूळ रहिवाशांशी करार करत, ते मोडत, पश्चिमेकडे सरकत गेले, असं मी वाचलं. बाबा ताडकन उठून बसले.

"म्हंजे धुरा कोरत गेले!"

धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. आमच्या पूर्वेला बाबांच्या चुलतभावाचं शेत होतं आणि तो दर वखरणीला धुरा कोरून एकेक तास, म्हणजे नांगराची एकेक रेघ, आमच्याकडे सरकतो, हे बाबांचं जुनं दुखणं होतं. "या गोऱ्याईची आन् त्याची एकच खोड," म्हणून बाबा मूळ रहिवाशांच्या बाजूने उभे राहिले.

अंगणातून सालदार म्हणाला, "पन मालक, पलीकडच्या धुऱ्यावर आपनबी दोन तास पश्चिमेकडे सरकलो ना. वखर माह्याच हाती होता."

"अबे, तू दोर वळ," बाबा म्हणाले.

पुढच्या धड्यात कापूस आला आणि बाबांनी बाजू बदलली. दक्षिणेकडचे लोक कापूस पिकवतात म्हटल्यावर ते आपलेच झाले. तिकडच्या लढाईमुळे विलायतेला कापूस मिळेना, म्हणून आपल्या भागातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले, हे ऐकून तर ते म्हणाले, "मंग लढाई चांगलीच झाली म्हना ना." लढाईला पुस्तकात यादवी युद्ध म्हटलं होतं. सालदाराने विचारलं, "यादव म्हंजे गवळीच ना जी? ते कवा गेले अमेरिकेत?" आईने आतून सांगितलं की द्वारकेचे यादव दारू पिऊन आपसात लढून मेले, पोथीत आहे, म्हणजे अमेरिकेतही दारूच असणार. मी तिघांना समजावून थकले आणि शेवटी आईचं म्हणणं मान्य करून टाकलं.

मग गुलाम आले. माणसं विकत घेत, कापसाच्या शेतात राबवत, पळाली तर धरून आणत. दोर वळणारे हात थांबले.

"बाई, त्या गुलामाईचं साल कवा संपे?"

"संपतच नव्हतं. जन्मभर."

"आन् पाडव्याले?"

"तिकडे पाडवा नसतो."

"पाडवाच नाई?" त्याने दोर खाली ठेवला. बाकी सगळं, चाबूक आणि बेड्यासुद्धा, त्याने निमूट ऐकून घेतलं होतं. बिनपाडव्याचं साल मात्र त्याला पटेना.

आमच्या गावची रीत अशी की पाडव्याला सालदार आपली तुतारी, म्हणजे बैल हाकायची काठी, गुढीपाशी ठेवतो. मालक ती उचलतो आणि विचारतो, "यंदा राह्यतं काय?" तो हो म्हणाला की काठी त्याच्या हाती देतो. आमच्याकडे पहिली दोन वर्षं बाबांनी विचारलं असेल. नंतर विचारणं सुटलं. "इचाराचं काय त्यात? तो आपलाच आहे," असं बाबा कौतुकाने म्हणत.

दुसऱ्या दिवशी माझ्या दुर्दैवाने तेच वाक्य पुस्तकात निघालं. दक्षिणेतले मालक सांगत, आमचे गुलाम आम्हाला घरच्यासारखेच आहेत. सालदार मोठ्याने हसला. अठरा वर्षांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

बाबा म्हणाले, "पोरी, आजपासून मनात वाचजो."

पण पूर फाटक लावून थांबत नाही. सकाळी एसटीच्या थांब्यावर माझा डबा घेऊन तो यायचा आणि विचारायचा, "मंग पुढं काय झालं?" मी सांगायचे. गुलामगिरीचे तोटे मला तोंडपाठ होते आणि माझा डबा दुसऱ्याच्या हातात होता, पण तेव्हा ते माझ्या डोक्यातही आलं नाही. ते आठवलं की आजही लाज वाटते.

पाडवा जवळ आला तशी बाबांची झोप उडाली. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, माणसं कामावर घेताहेत, अशी गावात चर्चा होती. आमच्या बैलांतला डावा कोणता आणि उजवा कोणता हेसुद्धा बाबांना सालदाराला विचारावं लागे. तो गेला तर शेती बसणार होती. मीही घाबरले होते. मला सायकल त्याने शिकवली होती, माझ्या तापात तो पावसात डॉक्टर आणायला गेला होता, आणि आता मीच वाचून वाचून त्याला घराबाहेर काढते की काय, असं मला वाटत होतं.

पाडव्याला गुढी उभी झाली. सालदार धुतलेला सदरा घालून आला, गुढीपाशी तुतारी ठेवली आणि हात बांधून उभा राहिला.

"काऊन ठेवली बे?" बाबांनी विचारलं.

"साल संपलं, मालक."

"मंग उचल ना."

"इचारा ना जी."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू अमेरिका मीच वसवली होती. मग ते खाकरले. "अबे" म्हणाले आणि थांबले. आणि मग चक्क त्याचं नाव घेतलं. आई हातातली पोळी घेऊन दारात आली. आमच्या घरात ते नाव इतकं नवं वाटलं की मला क्षणभर कोणी पाहुणा आला असंच वाटलं.

"यंदा राह्यतं काय?"

"इचार करून सांगतो," सालदार म्हणाला, जेवला आणि घरी गेला.

तीन दिवस त्याने विचार केला. पहिल्या दिवशी बैलांनी बाबांना ओळखच दिली नाही. दुसऱ्या दिवशी गोठा काढताना त्यांची कंबर धरली. तिसऱ्या दिवशी ते सारखे दारात जाऊन वाट पाहत होते आणि कोणी पाहिलं की, "ऊन पाहून राह्यलो," म्हणत. दक्षिणेची दाणादाण म्हणजे काय, ते मला पुस्तकाशिवाय कळलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तो आला. "राह्यतो. पन एकच साल. पुढच्या पाडव्याले पुन्हा इचाराचं." बाबांनी तुतारी उचलून त्याच्या हातात दिली. मग तो नेहमीच्या जागी दोर घेऊन बसला आणि मला म्हणाला, "बाई, लढाई अर्धी राह्यली ना."

बाबांनी अडवलं नाही, म्हणून मी हळू आवाजात वाचलं. उत्तरेकडचे जिंकले, लढाई संपली, गुलाम सुटले.

"सुटले. मंग गेले कुठी?"

मी पान उलटलं. पुढचा धडा रेल्वेचा होता. "पुस्तकात नाही," मी म्हणाले.

बाजेवरून बाबा म्हणाले, "त्याईले कोनी कवा इचारलं असन काय, राह्यता काय म्हनून?"

"इचारत असते त लढाई कायले झाली असती, मालक?"

बाबा बाजेवर उठून बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वाच पुढं. मोठ्यानं वाच."