मोरचुदाची चकती

इन्क्युबेटरचं दार ताईनं उघडलं तेव्हा आत एक प्लेट जास्त आहे हे फक्त मला माहीत होतं.

ताई म्हणजे आमच्या रसायनशास्त्र विभागातली पीएच.डी.ची विद्यार्थिनी. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टपुरती मी तिच्या हाताखाली होते. ती गंगापूरकडच्या शेतकरी घरातली. मी शहरातल्या पुंडलिकनगरातली, इंग्रजी शाळेत शिकलेली. घाबरले की मला मराठी वाक्य जुळत नाही, आणि इंग्रजीत बोलले की ती म्हणायची, "आली मॅडम." म्हणून मी बहुतेक वेळा गप्पच असायचे.

तिचं काम सांगायला सोपं होतं. अंगदुखीवरचं नेहमीचं औषध घ्यायचं, त्याला तांबं जोडायचं आणि औषधाचा गुण बदलतो का ते बघायचं. जोडून झालं की हिरवट निळी भुकटी मिळायची. त्या भुकटीच्या द्रावणात भिजवलेली कागदाची चकती प्लेटमधल्या जिवाणूंवर ठेवली की दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ गोल दिसायचा. तिथले जिवाणू वाढलेलेच नसायचे. नुसत्या औषधाभोवती असं काही व्हायचं नाही. तांबं जोडल्यानं साधं वेदनाशामक जंतूंवरही चालायला लागलं, असं ताईच्या पेपरात लिहिलं होतं. पेपर त्याच संध्याकाळी पाठवायचा होता. त्याच्यावाचून तिचा प्रबंध अडला होता, आणि प्रबंधासाठी तिनं घरच्यांकडून आणखी एकच वर्ष मागून घेतलं होतं.

मला एक गोष्ट खटकत होती. तांबं आम्ही मोरचुदातून घ्यायचो, पण नुसत्या मोरचुदाची चकती कुणी ठेवलीच नव्हती. त्यामुळे जिवाणू जोडलेल्या औषधानं थांबतात की नुसत्या तांब्यानं, हे कळत नव्हतं. हे ताईला कसं सांगायचं ते मी आठवडाभर मनात घोळवलं. शेवटी आदल्या दिवशी ती जेवायला गेली तेव्हा, तेवढंच तांबं येईल असं मापून, चकती मीच ठेवली.

"ही कुणाची प्लेट गं?"

"माझी. नुसतं मोरचूद आहे."

तिनं तिची आणि माझी, दोन्ही प्लेट्स खिडकीच्या उजेडात धरल्या. मग खिशातून पट्टी काढून दोन्ही गोल मोजले. पुन्हा मोजले. एका मिलिमीटरचाही फरक नव्हता.

"कधी केलंस?"

"काल. तुम्ही डबा खायला गेला होता तेव्हा."

"अन् विचारायचं नाय? तोंड हाय ना तुला?"

"तुम्ही नको म्हणाला असतात."

"व्हय. म्हणले असते."

ती स्टुलावर बसली. टाकाऊ प्लेट्सची बादली तिच्या पायाशीच होती. माझी प्लेट हातात धरून ती बादलीकडे बघत राहिली. बादली उचलून दूर ठेवावी असं मला वाटलं, पण मी जागची हलले नाही. तिनं प्लेट टाकली असती तर मी कुणाला काही सांगितलं असतं का, हे मला आजही ठाऊक नाही.

"आमच्या मोसंबीला पप्पा दरसाली बुडाशी हेच लावतेत," ती म्हणाली. "चुन्यात कालवून. बुरशी मरावी म्हणून. बादली मी धरायचे. अन् इथं येऊन मला नवल वाटायलंय."

"दुसऱ्या जिवाणूंवर कदाचित वेगळं..."

"गप."

तिनं पट्टी खिशात ठेवली.

मग तिनं विचारलं, "सरांना कोण सांगणार? तू का मी?"

"मी," म्हणाले, आणि पुढचा शब्द सुचेना.

"कळलं. तू प्लेट धर. बोलते मी."

ताईच्या गाइड सरांनी त्यांच्या खोलीत प्लेट उलटसुलट करून बघितली.

"ही चकती कुणी ठेवली?"

"आम्ही दोघींनी," ताई म्हणाली.

सरांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग पेपर थांबवा," एवढंच म्हणाले.

पुढचे चार दिवस ताई माझ्याशी कामापुरतंच बोलली. डबाही वेगळा खाल्ला. पाचव्या दिवशी आम्ही नव्या प्लेट्स केल्या. तिनं चिमटा उचलला आणि प्रत्येक प्लेटमध्ये सगळ्यात आधी मोरचुदाची चकती ठेवली. मग चिमटा माझ्याकडे दिला.