ओहायोहून आलेली पत्रं

त्या मार्चमध्ये क्वीन्समधल्या आमच्या इमारतीसमोर एका तरुणीला भोसकून मारलं. तिच्या किंकाळ्या अर्ध्या गल्लीने ऐकल्या आणि खाली कुणीही उतरलं नाही, असं पेपरात छापून आलं. महिन्याभरात आम्हा भाडेकरूंना देशभरातून शिव्यांची पत्रं येऊ लागली. ती वाटायचं काम आमचा पोस्टमन काझिमिर दुदेक याच्या वाट्याला आलं. पन्नाशीचा, मितभाषी माणूस.

सगळ्यांत जास्त पत्रं दुसऱ्या मजल्यावरच्या इर्मा फायगेनबॉम या विधवा बाईंना यायची. आपण पाहिलं आणि पोलिसांना कळवलं नाही, हे बातमीदाराला खरंखरं त्यांनीच सांगितलं होतं.

"आज किती?" त्या दुदेकला विचारायच्या.

"चार. दोन ओहायोहून."

"ओहायोत सगळे शूरच राहतात वाटतं."

एकदा न राहवून त्याने विचारलं, "बाई, त्या रात्री पोलिसांना फोन का नाही केलात?"

"समोर खिडक्याखिडक्यांत दिवे लागले होते. म्हटलं, एवढे लोक जागे आहेत, कुणीतरी केलाच असेल. मग नुसती बघत राहिले."

मी असतो तर धावलो असतो, असं तेव्हा वाटल्याचं दुदेकने मला पुढे सांगितलं.

ऑगस्टमध्ये भर दुपारी लॉन्ड्रीसमोर एक माणूस बायकोला केस धरून फरपटत नेत होता. दहा-बारा जण थांबले. दुदेकही थांबला. लॉन्ड्रीवाल्याच्या कानाला फोन दिसला, तसा तो पोलिसांना कळवतोय असं समजून दुदेक निर्धास्त झाला. पुढे कळलं, लॉन्ड्रीवाला गिऱ्हाइकाशी कोटाबद्दल बोलत होता. बायकोचा हात मोडला, मग नवरा आपणहूनच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुदेक इर्माबाईंच्या दारात म्हणाला, "काल मीही उभाच होतो, बाई." आणि सगळं सांगितलं.

"आत या. कॉफी गरम आहे."

त्या दिवशी आमचं टपाल तासभर उशिरा आलं.

नंतर त्याला फोन करायची सवयच जडली. घरातलं भांडण असो, मूल फार वेळ रडो, हा पोलिसांना कळवायचा. ड्यूटीवरचा सार्जंट आवाज ओळखायचा.

"दुदेक, आज कोण मेलं?"

"अजून कुणी नाही. गाडी पाठवा."

बहुतेकदा काहीच निघायचं नाही. लोक त्याला टाळू लागले. इर्माबाई बहिणीकडे नेवार्कला राहायला गेल्या. तो निवृत्त झाला, तेव्हा मी विचारलं, "इतक्या वर्षांत तुमच्या फोनमुळे कुणाचा जीव वाचला का?"

"कुणास ठाऊक. पोलीस सांगत नाहीत," तो म्हणाला. "आणि विचारायचं त्राण उरलं नाही."