पडद्यावरची जट

पार्लरमधल्या टीव्हीवर एका गायिकेचं नवं गाणं चाललं होतं. कपाळभर हळद, मागे जाळ आणि कमरेपर्यंत लोंबणाऱ्या जटा. शेजारच्या खुर्चीतली मुलगी म्हणाली, "ताई, मला अश्शाच हव्यात." पार्लरवाली म्हणाली, "होतील की, लोकर विणून. नको वाटल्या की काढून टाकायच्या."

मी शांतामावशीला घेऊन आले होते. लहानपणी तिच्या केसांत जट झाली आणि देवीचं बोलावणं आलं म्हणून घरच्यांनी तिला देवीला सोडलं. शाळा सुटली, लग्न नाही, जन्मभर दारोदार जोगवा. ती जट गेल्या महिन्यात कापली. उरलेले केस आज सारखे करून घ्यायचे होते.

गाण्यातली जट म्हणजे म्हणे बंडखोरी, बाईची शक्ती. असेलही. कुठल्यातरी जत्रेत कुणीतरी अशी एखादी बाई पाहिली असेल आणि तिचे केस तेवढे उचलले असतील. कशाचंही प्रतीक करायचं तर आधी त्याचं वजन काढून टाकावं लागत असावं. मला संताप येत होता, आणि त्याच गाण्याच्या ठेक्यावर माझा पाय हलत होता.

मावशी बराच वेळ टीव्हीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मान किती सरळ आहे गं तिची."

पार्लरवालीने मावशीची हनुवटी धरून डोकं आरशासमोर सरळ केलं आणि कात्री घ्यायला हात काढला. मावशीची मान हळूहळू पुन्हा डावीकडे कलली, जट लोंबायची त्या बाजूला.