विहिरीतल्या माशांचा उपास

थांबा, चहा नंतर प्या. हे आत्ताच सांगून टाकायला हवं, नाहीतर आमच्या चाळीतलं कोणीतरी तिखटमीठ लावून आधी सांगून मोकळं होईल.

मी कोपरीला राहते, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. आमच्या अंगणात विहीर आहे. नळ आल्यापासून तिचं पाणी फक्त धुण्याभांड्यांना. पण आत काय नाही! बेडूक, पाणकिडे, एक म्हातारं कासव. कॉलेजातून आले की मी कठड्यावर ओणवी. आई म्हणते, पडशील एक दिवस आणि तुझाच अभ्यास करतील बेडूक.

तर श्रावण लागला आणि मलेरियाचे इन्स्पेक्टर आले. लांब दांडीच्या पळीने पाणी काढलं, तर डासांच्या अळ्या वळवळतायत. म्हणाले, येत्या सोमवारपर्यंत त्या गेल्या नाहीत तर वर तेल ओतणार. म्हणजे अळ्या गुदमरणार, पण बाकीचंही सगळं संपणार. बरं, डास राहू देत असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? गेल्या वर्षी धाकट्या भावाला हिवताप झालेला, गोधड्या टाकून आम्ही त्याच्यावर बसलेलो. डास जायलाच हवेत. पण तेल नको.

आमच्या सरांनी पिकू सुचवले. पिकू म्हणजे आपल्याच भातखाचरातले बोटाएवढे मासे, वरवर पोहतात आणि अळ्या मटकावतात. मी पाचपाखाडीच्या शेतात गुडघाभर चिखलात उतरले, बाबांचा पंचा जाळ्यासारखा धरला आणि कळशी भरून मासे आणले. बाबांना पंचा अजून सापडलेला नाही.

शेजारच्या काकू भडकल्याच. त्यांचं सोवळं कडक. माशांच्या पाण्यात लुगडी धुवायची का, म्हणाल्या. मग वाकून बघितलं. पिकूच्या डोक्यावर पांढरा चमकता ठिपका असतो.

"अगं बाई, गंध लावलंय की यांनी."

झालं. मासे एकदम घरातले झाले.

शनिवारी बघते तर अळ्या तशाच! मासे मात्र गरगरीत. मला कळेना. इतक्यात काकू आल्या आणि कणकेच्या गोळ्या टाकायला लागल्या. वरच्या मजल्यावरून कोणीतरी भात टाकला. श्रावणात माशांना खाऊ घातलं की पुण्य, म्हणून अख्खी चाळ चार दिवस जेवणावळी घालत होती. पोट भरलेला मासा अळीकडे कशाला बघेल?

मी सगळ्यांना गोळा करून समजावलं. भूक, अळ्या, डास, सगळं. कोणी हललं नाही. मुक्या जिवाला उपाशी ठेवायचं, तेही श्रावणात, काय शिकवतात गं कॉलेजात, असं ऐकावं लागलं. मला रडू यायच्या बेतात होतं, आणि तोंडातून निघून गेलं, "उपाशी नाही हो काकू, उपास आहे त्यांचा. सोमवारपर्यंत."

काकू विचारात पडल्या.

"निर्जळी नाही ना गं?"

हसून हसून माझी पुरेवाट. मी म्हटलं, नाही, पाणी चालतं. अळ्याही चालतात.

आणि खरंच, कणीक बंद झाली. पण रविवारी सकाळी पाण्यावर पांढरं काहीतरी तरंगत होतं. भिजवलेला साबुदाणा! गाळण्याने तो काढला आणि दिवसभर पाटावर पुस्तक घेऊन विहिरीशी ठाण मांडून बसले. बाबा म्हणाले, तुला बघायला कोणी आलं तर सांगतो, मुलगी ड्यूटीवर आहे.

सोमवारी इन्स्पेक्टर तेलाचा डबा घेऊन हजर. पळी बुडवली, काही नाही. दुसरीकडे बुडवली, काही नाही. पायरीच्या सांदीत मात्र एक अळी दिसली. त्यांनी डब्याचं झाकण काढलं, तोच काकू मधे उभ्या राहिल्या.

"साहेब, उपासाला तेल चालत नाही."

इन्स्पेक्टरांना काही कळलं नाही. पण त्यांच्यासमोरच एक पिकू सांदीकडे वळला आणि टपकन ती अळी गट्ट केली. ते बघत राहिले. मग झाकण लावलं. दर सोमवारी तपासीन, म्हणाले. तपासा, मी म्हटलं, आणि पुढची विहीर कुठली ते विचारून घेतलं. आज पिकू घेऊन तिकडेच निघालेय, त्यांच्या डब्याआधी माझी कळशी तिथे पोचायला हवी.

पण मला एक सांगा, तुम्ही एखादं काम जीव तोडून करताय आणि लोक निव्वळ मायेपोटी ते बिघडवतायत, असं तुमच्याकडेही झालंय का?